अस्वल बसवणारी बाई

रायली हाकालाला बर्फावरच्या हॉकीतलं काडीचंही कळत नाही, असं म्हणणारे आमच्या कॅनडातल्या थंडर बेमध्ये पुष्कळ भेटतील, आणि त्यांत रायली स्वतःही आहे. बाई सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या गाडीत नोकरी करते, हंगामातला एकही सामना चुकवत नाही. पण काल कोण जिंकलं म्हणून विचारा, ती हातातल्या पर्शियन नावाच्या गोड पावावरचा गुलाबी लेप चाटत म्हणणार, "थांब हं, पेपरात बघून सांगते." आता ज्या गावात कुत्र्यामांजरांनाही ऑफसाइड कळतं, तिथे हे ऐकून लोक हसणार नाहीत तर काय करतील?

खरं म्हणजे तिला न कळण्याचा प्रश्नच नव्हता. ती बघतच नव्हती. सामना सोडून रिंकवर, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानावर, जे जे म्हणून असतं ते सगळं ती बघायची. घड्याळ, छताचे लोखंडी खांब, पॉपकॉर्न विकणाऱ्या पोरीचा सैल झालेला बुचडा, बर्फ गुळगुळीत करायच्या गाडीवर पेंगणारा म्हातारा. चकती उजवीकडे गेली की हिची मान डावीकडे. ही सवय तिला लागली तिच्या मुलामुळे, आणि लागली ती भीतीने.

नीलो सात वर्षांचा असताना त्याच्या संघाच्या गोलकीपरला कांजिण्या आल्या. "जाळ्यापुढे कोण उभं राहतंय?" असं शिक्षकाने विचारलं आणि ह्या शहाण्याने हात वर केला. पहिल्याच सरावात एक चकती त्याच्या मुखवट्यावर येऊन आदळली. टण्! पोरगं हसत होतं. रायलीने मात्र मान फिरवली ती घड्याळाकडे. त्या दिवसापासून तिने नीलोला जाळ्यापुढे उभा असताना म्हणून पाहिलं नाही. प्रत्येक सामन्याला जायची, लोकरीचं पांघरूण मांडीवर घेऊन पुढच्याच रांगेत बसायची, पण नजर दुसरीकडे. तिचा नवरा लॉर्न शेजारी बसून तिला ऐकवायचा, "अडवली. आता बघितलंस तरी चालेल." ती म्हणायची, "तू बघ ना. एका घरात एकाने बघितलं तरी पुरे."

इतर आयांना वाटायचं, बाईला फार मिजास आहे. मिजास कसली! जिवाचं पाणी पाणी व्हायचं तिच्या.

आणि बघा, हीच भित्री सवय पुढे तिच्या पोटापाण्याच्या कामी आली. प्रक्षेपणाच्या गाडीत ती आधी पडद्यावर नावं आणि आकडे टाकायचं काम करायची. मग तो टायरवाला आला. त्याला रिंकभोवतीच्या पांढऱ्या कुंपणावर आपली जाहिरात हवी होती, पण रंगवलेली नको, हलणारी हवी होती. एक चित्रातलं अस्वल टायर ढकलत कुंपणावरून चालत जाणार. रिंकवर बसलेल्यांना ते दिसणार नाही, घरी टीव्हीपुढे बसलेल्यांनाच दिसणार. संगणक ते अस्वल चित्रात असं चिकटवायचा की कॅमेरा कितीही फिरला तरी ते कुंपणालाच धरून राहील. यंत्र चोख होतं, आणि लोक भयंकर चिडले. चकतीच्या मागे नजर धावतेय, आणि मध्येच हे केसाळ धूड ढुंगण हलवत निघालंय! एका बाईने लिहिलं, "माझ्या नवऱ्याने बुटाने टीव्ही फोडला, अस्वलाने भरून द्यावा." टायरवाला म्हणाला, माझे टायर आता कोणी फुकटसुद्धा घेणार नाही.

गाडीत सगळे डोकं धरून बसले होते. तेव्हा कोपऱ्यातून रायली म्हणाली, "ते तिथे कशाला सोडताय? सगळे तिकडेच बघतायत. ह्या बाजूला सोडा, इथे कोणीही बघत नाही."

"तुला काय माहीत कोणी बघत नाही?" दिग्दर्शिका ग्लेंडा मॅकस्वीनने विचारलं.

"मी बघते ना," रायली म्हणाली. "इथे मी एकटीच असते."

दुसऱ्या दिवसापासून अस्वल तिच्या ताब्यात आलं. तिने त्याला माणसांत कसं वागावं ते शिकवलं. चकती रिंकच्या एका टोकाला असली की ते दुसऱ्या बाजूला हळूच यायचं, आळस द्यायचं, टायरवर बसायचं. चकती त्या बाजूला वळली रे वळली की रायलीचं बोट कळीवर पडायचं आणि अस्वल जागच्या जागी गप्प व्हायचं, मग कुंपणाच्या पांढऱ्यात विरून जायचं. त्याचा तपकिरी रंग तिने उतरवून घेतला, कारण भडक रंग डोळ्याला खेचतो. कुंपणावर खेळाडू आपटले तर तिथे पुढची पाच मिनिटं अस्वल नाही. आणि कोणी बर्फावर जखमी होऊन पडला, तर अस्वल, आकडे, नावं, सगळं ताबडतोब बंद. हा शेवटचा नियम सगळ्या गाड्यांमधून पाळला जातो, तो कोणाला शिकवावा लागत नाही. तक्रारी थांबल्या. पोरंबाळं तर "अस्वल कुठाय" म्हणून शोधायला लागली.

पण गंमत अशी की हे सगळं ती चकतीकडे न बघता करायची! तिचा सगळा भरवसा कानांवर. लोकांचा आवाज चढायला लागला की समजायचं, चकती जाळ्याकडे निघाली. आणि कानाला लावलेल्या यंत्रात ग्लेंडा कॅमेऱ्यांना हाका मारायची, त्यावरून बाजू कळायची. ग्लेंडा तिला म्हणायची, "अगं आंधळे, एवढं अस्वल नाचवतेस, एकदा सामनाही बघ की!" ही म्हणायची, "तू बघतेस ना? झालं तर मग."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आता नीलोचं सांगतो.

नीलो मोठा झाला, वीजजोडणीची कामं करायला लागला, आणि जाळ्यापुढे उभं राहणं काही सोडेना. शनिवारी मित्रांच्या संघातून खेळायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी नळकाम करणाऱ्यांच्या संघाशी खेळताना त्याचं डोकं बर्फावर आपटलं. उठला, हसला, आणि बाहेर आल्यावर स्वतःची गाडी त्याला ओळखता येईना. त्या संध्याकाळी त्याने आईला एकच प्रश्न इतक्या वेळा विचारला की शेवटी लॉर्न उठून बाहेर अंगणात गेला आणि बर्फात नुसताच उभा राहिला. पुढे कित्येक आठवडे नीलोला उजेड सोसेना. घरामागे सौनाची, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली आहे, तिच्या बाहेरच्या अंधाऱ्या भागात बाकावर पडून असायचा. बरा झाला. पण डॉक्टरीणबाईंनी रायलीला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्या वेळी तो परत आला. पुन्हा असाच मार बसला तर येईलच, असं मी सांगू शकत नाही."

हे वाक्य रायलीच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच.

आणि इतकं होऊनही त्या दिवट्याने रिंकवरच्या राखीव गोलकीपरचं काम सोडलं नाही! आमच्याकडे ही एक जगावेगळी रीत आहे. मोठ्या सामन्याला दोन्ही संघांकडे दोन-दोन गोलकीपर असतात. पण एखाद्या संघाचे दोघेही जायबंदी झाले तर? म्हणून गावातलाच एक हौशी गोलकीपर प्रेक्षकांत बसवून ठेवतात. वेळ आलीच तर त्याने उठायचं, आणि ज्या संघाला गरज असेल त्या संघाचा अंगरखा चढवून उभं राहायचं, मग तो संघ पाहुण्यांचा का असेना. पैसे नाहीत, फुकट तिकीट आणि एक हॉटडॉग. त्यावर रायलीने केवढं आकांडतांडव केलं होतं.

"नाव काढून टाक म्हणते ना मी!"

"आई, अगं आजवर कोणाला बोलावलंय? एकदाही नाही. मी तिथे फक्त खातो."

"घरी खा. घरी काय उपाशी ठेवते तुला?"

"घरचा हॉटडॉग तू उकडतेस. तो कुत्रासुद्धा खात नाही."

लॉर्न फिदीफिदी हसला, आणि बाप-लेक दोघे एका बाजूला झाल्यावर हिचं काय चालणार!

तो रविवार होता, दुपारचा सामना. पाहुणा संघ सॉल्ट सेंट मारीचा. प्रक्षेपणाची गाडी नेहमीसारखी रिंकच्या मागच्या दाराशी उभी होती, आत गर्मी आणि कॉफीचा वास. पहिल्या भागात पाहुण्यांचा गोलकीपर पाय फाकवून खाली बसला तो वर उठलाच नाही, जांघेतली शीर आखडली. त्याला धरून नेलं. दुसरा उभा राहिला.

रायलीचा हात कळीवरच राहिला. अस्वल टायरवर बसून कान खाजवत होतं.

"काय गं?" ग्लेंडा म्हणाली. "तुझा पोरगा आज राखीव आहे ना? आता हॉटडॉग खाली ठेवायला सांग त्याला."

गाडीतले सगळे हसले. रायलीही हसली, पण ती मनातल्या मनात त्या दुसऱ्या गोलकीपरला सांभाळू लागली. बाबा रे, नीट उभा राहा. घाई करू नकोस. पाणी पी. परक्या गावच्या पोरासाठी तिने आयुष्यात कधी इतकी काळजी केली नव्हती. दुसरा भाग पार पडला. पाहुणे एका गोलने पुढे होते. तिला वाटलं, निभावलं.

तिसरा, शेवटचा भाग सुरू झाला आणि तो दुसरा पोरगा जाळ्याला धरून ओकायला लागला. मार नव्हता बसला काही, पोटात बिघडलं होतं. तो दोनदा उभा राहिला, दोनदा वाकला, आणि हात हलवून "नाही" म्हणाला.

ग्लेंडाने कॅमेऱ्याला हळूच सांगितलं, "चार नंबर, प्रेक्षकांत जा. बारावी रांग. उठतोय बघ तो." मग कानातल्या यंत्रातून तिचा आवाज आला, एकदम मऊ. "रायली."

"मला दाखवू नकोस," रायली म्हणाली.

दोन हिवाळ्यांपूर्वीची ती संध्याकाळ तिच्यासमोर उभी राहिली आणि हलेना. तिला वाटलं उठावं, पळत जावं, सगळ्यांदेखत त्या दांडग्याचा कान धरून त्याला घरी न्यावं. पण अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाला आई बर्फावरून ओढून नेते का कुठे? आणि तो आला असता का?

नीलो पाहुण्यांचा निळा अंगरखा घालून बर्फावर आला आणि सगळं रिंक उठून उभं राहिलं. गावचा पोर! ज्यांच्या घरांत त्याने दिवे जोडले होते ती माणसं तिथे बसली होती. आपल्याच संघाविरुद्ध उभा राहिलेल्या ह्या पोराचं नाव घेऊन लोक ओरडत होते. सराव म्हणून त्याच्याकडे कोणीतरी हळूच एक चकती ढकलली, ती त्याने काठीने थांबवली, तर काय तो गजर!

इथेच रायली फसली. तिचा सगळा कारभार कानांवर होता, आणि आता कान काही उपयोगाचे राहिले नव्हते. चकती मधोमध असली तरी लोक नीलोसाठी ओरडत. आपला संघ धडक मारायला निघाला तरी ओरडत. त्याने पाणी प्यायलं तरी ओरडत. ग्लेंडाही वाहवली होती, चकती कुठेही असो, तिचं आपलं "तीन नंबर, नीलोवर राहा, नीलोवरच राहा." आवाजावरून रायलीने ठरवलं की चकती पलीकडे गेली, आणि नीलोच्या मागच्या कुंपणावर अस्वल सोडलं. त्याच क्षणी त्याच्या जाळ्यापुढे पाच-सहा जणांची झोंबाझोंबी चालू होती. घरोघरी लोकांनी पाहिलं ते असं, की गावचा पोर जिवाच्या आकांताने आडवा पडलाय आणि त्याच्या डोक्यामागे अस्वल निवांत टायर ढकलत चाललंय.

"रायली!" ग्लेंडा किंचाळली. "काढ ते! काढ!"

तिने काढलं.

"बंद करून टाक आजच्यापुरतं," ग्लेंडा म्हणाली. "टायरवाल्याला मी बघते. तू बाहेर जाऊन बस."

"नाही!" रायली एवढ्या जोरात ओरडली की आवाजाचं काम सांभाळणाऱ्या माणसाने कानातलं यंत्र उपसलं. "माझं काम काढून घेऊ नकोस. हात रिकामे राहिले तर मी मरेन इथे."

"मग बघ तरी, बाई. न बघता आज जमायचं नाही."

आणि रायलीने बघितलं.

तिच्यापुढे दोन पडदे असायचे, एकावर अस्वलासकटचं चित्र आणि दुसऱ्यावर कोरं. तिने कोऱ्या चित्रात जाळ्याकडे बघितलं. निळ्या अंगरख्यातला तो आडदांड माणूस तिला आधी ओळखूच येईना. मग त्याने काठीने जाळ्याचा डावा खांब ठोकला, उजवा खांब ठोकला, आणि मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. अगं बाई, हा खांबांशी बोलतो की काय! इतक्या वर्षांत तिला ठाऊकच नव्हतं. चकती आली. त्याने ती पायाच्या जाड पट्ट्याने अडवली आणि पुन्हा डावा खांब, उजवा खांब. प्रत्येक वेळी तेच. एकदा तर हवेतून आलेली चकती त्याने मागे न बघता हातमोज्यात अशी झेलली की रायलीच्या तोंडून "वा!" निघून गेलं. मग सगळे अंगावर आले तर हा चकती पोटाखाली घेऊन सरळ आडवाच पडला. आपला पोरगा चांगला खेळतो, हे तिला पहिल्यांदा दिसलं, आणि त्याने भीती काही कमी झाली नाही. उलट वाढली. आता प्रत्येक चकती तिच्या डोळ्यांसमोरून त्याच्या डोक्याकडे जात होती. पण अस्वल मात्र शहाण्यासारखं वागत होतं, वेळेवर येत होतं, वेळेवर विरत होतं.

शेवटची काही मिनिटं राहिली होती. आपल्या संघाचा एक धिप्पाड खेळाडू चकतीमागे येता येता अडखळला, तोल गेला, आणि सगळा भार घेऊन नीलोवर पडला. नीलोचं डोकं मागच्या लोखंडी खांबावर आपटलं. रायलीने ते सगळं पाहिलं, डोळे मिटले नाहीत.

तिच्या बोटाने आपसूक कळ दाबली. अस्वल गेलं, आकडे गेले, नावं गेली. पडद्यावर नुसता बर्फ आणि त्यावर पडलेला तिचा मुलगा.

"ऊठ," ती म्हणाली. "नीलो, ऊठ रे." मग लगेच, "नको, नको उठूस. पडून राहा."

तो उठला. पाहुण्यांचा मालिशवाला वाकून काहीतरी विचारत होता, नीलो मान डोलावत होता, हसत होता. त्याने लोकांकडे हात हलवला आणि छत उडून जाईल असा आवाज झाला. ग्लेंडा म्हणाली, "हुश्श! बघ, ठीक आहे. हात हलवतोय बघ."

सगळे त्याच्या हसण्याकडे आणि हाताकडे बघत होते. रायली त्याच्या काठीकडे बघत होती. त्याने डावा खांब ठोकला. थांबला. पुन्हा डावाच ठोकला. मग परत डावाच. उजव्या खांबाकडे त्याने वळून बघितलंच नाही.

"तो ठीक नाही," रायली म्हणाली.

"अगं, उभा आहे की!"

"ग्लेंडा, तो ठीक नाही म्हणते ना!" तिने कानातलं यंत्र फेकलं आणि कोटसुद्धा न घेता दार उघडून धावत सुटली.

गाडीपासून रिंकच्या दारापर्यंत साचलेला बर्फ. पंचावन्न वर्षांची जाडजूड बाई, पायात कामावरचे साधे बूट, दोनदा घसरली. आत दरवानाने अडवलं. "मॅडम, इकडून नाही—" तिने त्याला जे ऐकवलं ते तिच्या घरच्या फिनिश भाषेत होतं म्हणून बरं, आणि ती त्याला ढकलून पुढे गेली. ती खेळाडूंच्या वाटेवर पोचली तेव्हा शेवटचा भोंगा वाजत होता. पाहुणे जिंकले होते, आणि हरलेल्या गावाचे लोक टोप्या उडवत होते.

तिकडे पडद्यावर अस्वल परत आलं होतं, कारण निघताना धक्का लागून कळ पुन्हा दाबली गेली होती. शेवटचं सबंध मिनिट ते नीलोच्या मागे कुंपणावर मनसोक्त लोळत होतं. त्या दिवशी ह्याबद्दल एकाही प्रेक्षकाची तक्रार आली नाही. कोणाला ते दिसलंच नव्हतं.

पाहुण्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत नुसता गोंधळ. नीलोला मधल्या बाकावर बसवलं होतं, त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होते, पाठीत धपाटे घालत होते. रायली दारात दिसली तसा एक जण ओरडला, "आई आली रे! ह्याला आमच्या गावी घेऊन जाऊ का आम्ही?"

नीलोने मान वर केली, सगळ्यांकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, "आपण जिंकलो का?"

एकच हशा पिकला. "आपण म्हणजे कोण रे? तुम्ही हरलात, आम्ही जिंकलो!" काय विनोद केला पठ्ठ्याने, म्हणून लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. नीलोही हसला. मग हशा ओसरला, आणि त्याने त्याच गोड चेहऱ्याने, त्याच आवाजात विचारलं, "आपण जिंकलो का?"

रायलीने पाण्याची बाटली धरलेल्याचा हात बाजूला सारला. "डॉक्टरांना बोलवा," ती म्हणाली. "आधी ते दिवे मालवा. आणि कोणी हात लावू नका त्याला. कोणीही नाही!"

मालिशवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, तोच पळत डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर आले, डोळ्यांत बघितलं, मानेला पट्टा बांधला आणि रुग्णवाहिका मागवली. "तुम्ही सोबत बसा," ते रायलीला म्हणाले. "त्याला बोलतं ठेवा."

लॉर्न घरून निघाला होता, तो परस्पर इस्पितळात येणार होता. रुग्णवाहिकेत आई आणि मुलगा, आणि पायाशी एक परिचारिका. नीलोचा हात थंडगार होता. रायलीने तो दोन्ही हातांत धरला.

"आई, आपण जिंकलो का?"

"हो रे बाळा. जिंकलो."

"मी खेळलो?"

"खेळलास म्हणजे काय! पहिली आली ती पायाच्या पट्ट्याने अडवलीस. मग एक उंच आली होती, ती हातमोज्यात झेललीस, वळूनसुद्धा बघितलं नाहीस. मग सगळे अंगावर आले तर तू सरळ आडवाच पडलास, चकती पोटाखाली घेऊन. लोक वेडे झाले होते नुसते."

तो ऐकत होता. डोळे छताकडे लागलेले. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, "आई, आपण जिंकलो का?"

तिने पुन्हा सांगितलं. पट्टा, हातमोजा, पोटाखालची चकती. आवाज कापू दिला नाही. पुन्हा त्याने विचारलं, पुन्हा तिने सांगितलं, पहिल्यांदाच सांगतेय अशा हौसेने. परिचारिका खाली बघत होती. रायलीच्या मनात डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य घुमत होतं, येईलच असं मी सांगू शकत नाही. त्या पोराचे डोळे उघडे होते, तोंडावर हसू होतं, आणि आत कोणी आहे की नाही हे तिला कळत नव्हतं. एवढी ती आयुष्यात कधी घाबरली नव्हती. तरी तिने नजर हलवली नाही.

"आई, आपण जिंकलो का?"

"जिंकलो. पहिली आली ती तू पायाच्या पट्ट्याने अडवलीस. मग एक उंच आली होती—"

नीलोच्या कपाळावर आठी पडली. त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, पट्ट्यामुळे वळेना, मग नुसते डोळे तिच्याकडे वळवले.

"ती मी हातमोज्यात झेलली," तो जरा वैतागून म्हणाला. "हे तू मघाशीच सांगितलंस की."

रायलीने त्याचा हात तोंडावर दाबून धरला आणि रिंकपर्यंत ऐकू जाईल अशी मोठ्याने रडायला लागली.